वैजू, तू सोमवारी जाशील तेव्हा

तिसऱ्या गेटाला फाटक पडलेलं असेल, वैजू,
मालगाडी संपता संपणार नाही.
उशीर झाला म्हणून घाबरू नकोस,
फौंड्रीतले निम्मे लोक त्याच फाटकात अडकलेले असतात.
ओढणी सुती घे. नायलॉनवर ठिणगी पडली
की कापड वितळून कातडीला चिकटतं.

पहिले काही दिवस ते तुला काहीच देणार नाहीत.
मला गेटपासांच्या फायली दिल्या होत्या,
तारखेप्रमाणे लावायला.
तारखा संपल्या, तर म्हणाले रंगाप्रमाणे लाव.
देसूरकर सर कायम फोनवर,
भुवया वर करून 'थांब' म्हणायचे.
मी थांबले. नऊ दिवस.
ते मला कुणी परत देणार नाही,
तुझे तू देऊ नकोस.

दहाव्या दिवशी डबा घेऊन
मी मागच्या शेडमध्ये जाऊन बसले,
वाळूच्या ढिगाजवळ, बसलिंगप्पा मोल्डरच्या शेजारी.
त्यांनी भाकरी संपवली, हात झटकला,
आणि त्याच हातात ओली वाळू घेऊन मूठ आवळली.
'इल्लि नोडु.'
वाळूवर बोटांचे ठसे. मग तिचे दोन तुकडे केले.
कड सरळ तुटली, भुरभुरली नाही.
आपल्या लॅबमध्ये एवढ्यालाच तीन यंत्रं लागतात,
त्यातलं एक दोन वर्षं बंद आहे.

माझी मूठ सतरा वेळा भुरभुरली.

कन्नड मला येतं ते पेपरापुरतं,
त्यांना मराठी येतं ते बाजारापुरतं.
मधल्या जागेत हातवारे, खडू
आणि शनिवारचं गिरमिट.

एकदा त्यांनी व्हॉल्व्हची बॉडी साखळीला टांगली,
हातोडीनं हलकंच मारलं आणि म्हणाले, 'केळु.'
मला वाटलं, विचार म्हणतायत.
मी विचारून टाकलं:
हे छिद्र दर वेळी याच कोपऱ्यात का?
चार दिवस वहीत लिहून ठेवलं होतं,
भंगारातले बत्तीस तुकडे उलटेपालटे करून,
आणि जीभ उचलत नव्हती.
त्यांनी हातोडी खाली ठेवली. हसले.
ते म्हणत होते, ऐक.

त्यांच्याकडे दोन्हीला एकच शब्द.
आपल्याकडे विचारणं वेगळं, ऐकणं वेगळं,
आणि वर्गात पहिलं केलं
की दुसरं केलं नव्हतंस का, असं म्हणतात.

मग ऐकलं. चांगली बॉडी लांबवर वाजत राहते,
चिरलेली नुसतं बद्द करते.
मग त्यांनी माझी वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी केली,
आणि त्या कोपऱ्यावर सळईनं वाळूत आणखी एक भोक पाडलं,
वाफेला वाट.
पुढच्या खेपेला बत्तीसचे अकरा झाले.
शून्य नाही झाले, वैजू. रिपोर्टात शून्य लिहू नकोस.

सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय,
कणबरकरचं करबनकर.
'काय शिकलात' या रकान्यात दोन ओळींची जागा होती.
मी लिहिलं, मोल्डिंग प्रक्रियेची माहिती मिळाली.

तू वही ने, पण पेनाआधी हात घाल.
बसलिंगप्पांना आधी गुडघ्याचं विचार,
वाळूचं नंतर. आणि बाईंना विचारलंच तर
सांग, ती एळ्ळूरची पोरगी परत येणार होती.

घरी मी अजून प्रत्येक भांड्यावर टिचकी मारते,
आई वैतागते.
काल बिडाचा तवा बद्द वाजला.
ती म्हणाली, चांगला तर आहे, सकाळीच भाकऱ्या केल्या.
दिव्याखाली धरला: कडेला केसाएवढी रेघ.
बिडाला जोड बसतो का, तेवढं विचारून ये.
ते बोलतील तेव्हा हातोड्या बंद नसतील,
जवळ उभी राहा.